सरी-वरंबे, मीठ आणि रेडिओ: लाटेला परत फिरवणारं अंतर

पाणकळा

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी कितीतरी रात्री मी वेव्ह फ्लूमसमोर बसून काढल्या. फ्लूम म्हणजे काचेच्या भिंतींचा लांबलचक, अरुंद हौद. एका टोकाला लाटा उठवणारी फळी, दुसऱ्या टोकाला लाट जिरवणारा उतार. तळाशी आम्ही शेतातल्या सरी-वरंब्यांसारखे लाकडी वरंबे आडवे बसवले होते. पाण्याच्या खोलीच्या मानाने ते इतके बुटके होते की बहुतेक लाटा त्यांना ओळखही न देता वरून निघून जायच्या. फळीची गती थोडी थोडी बदलत नेली की एका ठरावीक वारंवारतेला मात्र पलीकडचं पाणी निवायचं. फळी तितक्याच जोरात हलतेय, अलीकडे पाणी जागच्या जागी वरखाली उसळतंय आणि वरंब्यांच्या पलीकडे जेमतेम थरथर. गती जरा पुढे नेली की लाट पुन्हा पार जायला लागायची.

हा प्रयोग मी शोधलेला नाही. डेव्हिस आणि हीदरशॉ या ब्रिटिश संशोधकांनी तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केला आणि १९८४ साली सविस्तर छापला. त्यांच्या एका मांडणीत दोन माथ्यांमधलं अंतर १ मीटर, वरंब्यांचा आयाम (मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची) ५ सेंटिमीटर, पाणी सुमारे ३१ सेंटिमीटर खोल आणि वरंबे १०. लाटेची तरंगलांबी २ मीटरच्या आसपास आली की लाट परत फिरते. वरंब्यांमधल्या अंतराच्या बरोबर दुप्पट.

आकडे घालून पाहिलं तेव्हा मला हे खरं कळलं. या मांडणीत एकटा वरंबा लाटेच्या उंचीच्या साधारण ९ टक्के भाग परत पाठवतो. ऊर्जा उंचीच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात १ टक्कासुद्धा नाही. असे १० वरंबे वेडेवाकडे, कुठेही टाकले तर सरासरीने ८ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा परत येईल. तेच १० वरंबे समान अंतरावर ठेवले आणि लाट दुप्पट लांबीची पाठवली, तर परतणारी उंची ७० टक्क्यांच्या घरात जाते. ऊर्जा निम्मी! लाकूड तेवढंच, पाणी तेवढंच, बदलली ती फक्त मांडणी.

मिठाच्या खड्यावर क्षकिरण टाकले की हेच होतं. वरंब्यांमधलं अंतर मीटरमध्ये, मिठातल्या थरांमधलं २.८२ अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचे एक हजार कोटी भाग केले तर त्यातले तीनसुद्धा नाहीत. नियम मात्र तोच. म्हणून हा धागा काढला. स्फटिकांवर, समुद्रावर, किनाऱ्यावर काम करणारे इथे असतील तर जरूर लिहा.

चाफेकळी

छान लिहिलंय. एक भाबडा प्रश्न: दुप्पट का? अंतर १ मीटर असेल तर १ मीटरची लाट जास्त चांगली बसायला हवी ना?

पाणकळा

भाबडा नाही, मलाही हाच प्रश्न पडला होता. पहिल्या वरंब्यावरून थोडी लाट परत फिरली. उरलेली पुढे गेली, दुसऱ्या वरंब्यावरून तिचाही थोडा भाग फिरला. हा दुसरा भाग १ मीटर जादा गेला आणि १ मीटर जादा परत आला, म्हणजे २ मीटर मागे पडला. लाट २ मीटरची असेल तर तो बरोबर एक अख्खी लाट मागे आहे, म्हणून माथ्यावर माथा येतो. तिसरा वरंबा दोन लाटा मागे, चौथा तीन. सगळे एका तालात.

१ मीटरच्या लाटेलाही तो जादा प्रवास दोन पूर्ण लाटांचा होतो, म्हणजे ताल तिथेही जुळतो. पण गोलसर, साइन वक्राच्या आकाराच्या वरंब्यांकडून त्या तालाला फारच क्षीण उत्तर मिळतं. शिवाय लाट जितकी आखूड तितका तिला तळ कमी जाणवतो.

प्रयोगवही

मी औषध कंपनीत क्षकिरण विवर्तनाचं यंत्र चालवते, १४ वर्षं झाली. धागा आवडला, पण पुढे कुणी "स्फटिकातले थर आरशासारखे परावर्तन करतात" असं लिहायच्या आत सांगते: थर आरसे नसतात. प्रत्येक अणूतले इलेक्ट्रॉन क्षकिरण सगळ्या दिशांना विखुरतात. एका थरातल्या अणूंचे तरंग आरशाच्या दिशेने आपोआप जुळतात, मग थराथरांचे आपसात जुळतात का हे अंतर आणि कोन ठरवतात. दोन्ही जुळलं तरच डिटेक्टरवर शिखर उमटतं. थरांमधल्या अंतराची दुप्पट गुणिले किरणाने थराशी केलेल्या कोनाची साइन बरोबर पूर्ण संख्या गुणिले तरंगलांबी. लाट वरंब्यांवर थेट समोरून आली तर साइन १ होते आणि पाणकळा यांचा दुपटीचा नियम उरतो. सूत्र एकच, तुमच्याकडे कोन ९० अंश.

आमच्या यंत्रात तांब्याची नळी असते, तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम. साधं मीठ खलबत्त्यात कुटून ठेवलं की सर्वांत उंच शिखर ३१.७ अंशांवर येतं, दुसरं मोठं ४५.४ वर. यंत्रावर दाखवलेला कोन सूत्रातल्या कोनाच्या दुप्पट असतो, नवीन मुलं तिथे हमखास चुकतात. पूड का करायची? कारण एका खड्याला नेमका कोन मिळेल याची खात्री नाही, पुडीत मात्र लाखो कण सगळ्या दिशांना तोंड करून पडलेले असतात. काहींचा कोन जुळतोच.

यावर माणसांची औषधं अवलंबून आहेत. एकच रेणू दोन वेगळ्या रचनांनी स्फटिक बनवू शकतो आणि दोघांची विरघळण्याची क्षमता वेगळी असते. १९९८ मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधात अचानक दुसरी रचना उगवली. ती इतकी कमी विरघळायची की कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रेणू तोच, मांडणी बदलली. शिखर अर्धा अंश सरकलं तर मी बॅच का थांबवते, हे प्रॉडक्शनवाल्यांना मी दर वर्षी याच उदाहरणाने समजावते.

पाणकळा

प्रयोगवहीताई, मनापासून आभार. आरशाबद्दलचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य.

मिठाचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. १९१२ च्या वसंतात म्युनिकमध्ये फ्रीडरिख आणि निपिंग यांनी माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून मोरचुदाच्या स्फटिकातून क्षकिरण सोडले आणि फोटोच्या काचेवर ठिपके मिळवले. ठिपक्यांचं सोपं गणित, म्हणजे तुम्ही वर दिलेलं सूत्र, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंब्रिजला लॉरेन्स ब्रॅग या २२ वर्षांच्या मुलाने मांडलं. पुढे वडील विल्यम आणि तो यांनी मिळून एकेक स्फटिक सोडवायला घेतला.

त्यातली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. पोटॅशियम क्लोराइड आणि साधं मीठ यांची रचना सारखीच असायला हवी होती, पण मिठात काही जादा ठिपके दिसत, पोटॅशियम क्लोराइडमध्ये ते गायब. कारण पोटॅशियमच्या आयनात १८ इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या आयनातही १८. क्षकिरणांना दोघं एकसारखेच दिसतात, मग त्या स्फटिकातलं आवर्तन निम्म्या अंतराचं भासतं. सोडियमच्या आयनात १० च, म्हणून मिठात एकाआड एक थराचा फरक कळतो. न दिसणाऱ्या ठिपक्यांमधून त्याने अणूंची जागा ओळखली.

त्यातून निघालं की मिठात सोडियम-क्लोराइडच्या जोड्याच नाहीत, बुद्धिबळाच्या पटासारखी आलटून पालटून मांडणी आहे. हे पचायला जड गेलं. १९२७ साली सुद्धा हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाने "नेचर"मध्ये पत्र लिहून यावर कडाडून टीका केली होती.

बापलेकांना १९१५ चं नोबेल मिळालं. लॉरेन्स तेव्हा २५ वर्षांचा, पहिल्या महायुद्धात आघाडीवर, तोफांच्या आवाजावरून त्यांची जागा शोधण्याच्या कामात. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट त्याच वर्षी गॅलिपोलीला मारला गेला. ही बातमी आणि ती बातमी एकाच घरात काही आठवड्यांच्या अंतराने पोचली, हे वाचल्यापासून ते सूत्र फळ्यावर लिहिताना दर वेळी मला ते घर आठवतं.

नदीकाठ

माझा अनुभव इथे बसतो का बघा. आमच्या गावी कृष्णेकाठी दगडी घाट आहे. उन्हाळ्यात पात्र आटलं की आम्ही मुलं खाली वाळूत उभं राहून पायऱ्यांकडे तोंड करून टाळी वाजवायचो. परत यायचा तो टाळीचा आवाज नसायचा, पक्षी ओरडल्यासारखा "टिंव" असा यायचा, वरून खाली घसरणारा. आजी म्हणायची, घाटावरची टिटवी उत्तर देते.

पाणकळा

बसतो म्हणजे काय, याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं!

पायरी ३० सेंटिमीटर रुंद धरा. प्रत्येक पुढची पायरी आवाज ६० सेंटिमीटर जादा प्रवासानंतर परत पाठवते. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका टाळीचे तुकडे सेकंदाला सुमारे ५७० च्या गतीने ओळीने कानावर येतात. कान त्याला सूर म्हणून ऐकतो. वरच्या पायऱ्यांसाठी आवाजाला तिरकं, घाटाच्या उताराला धरून जावं लागतं, तिथे पायरी ते पायरी अंतर थोडं जास्त, म्हणून सूर खाली येत जातो. मेक्सिकोतल्या चिचेन इत्साच्या पिरॅमिडसमोर पर्यटक हीच टाळी वाजवतात.

आणि ब्रॅगच्या डोक्यात सुरुवातीला नेमकं हेच चित्र होतं. क्षकिरण म्हणजे टाळीसारखा एकच धक्का, स्फटिकातले थर म्हणजे पायऱ्या, आणि धक्क्याचे समान अंतराने आलेले पडसाद म्हणजे तरंगलांबी. सूर टाळीत नव्हता, तो घाटाने दिला.

खारावारा

किनाऱ्यावरच्या रडारची माहिती तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितो. आम्ही ब्रॅगच्या या दुपटीच्या नियमावर जगतो असं म्हटलं तरी चालेल.

१९५५ मध्ये न्यूझीलंडच्या क्रॉम्बी यांनी १३.५६ मेगाहर्ट्झची रेडिओलहर समुद्रावर टाकली. परत आलेल्या संकेताची वारंवारता ०.३८ हर्ट्झने सरकलेली होती, आणि समुद्र कसाही असो, सरकणं तेवढंच. त्यांनी उलगडा केला: रेडिओची तरंगलांबी २२.१ मीटर, म्हणून समुद्रावरच्या हजारो आकारांच्या लाटांपैकी फक्त ११ मीटरच्या लाटा एका तालात उत्तर देतात. इथे वरंबे लाटांचे आणि लहर रेडिओची. खोल पाण्यात ११ मीटरची लाट सेकंदाला ४.१५ मीटर पळते. दुप्पट करून २२.१ ने भागा, ०.३८ मिळतात. कागदावर स्वतः करून बघा, फार समाधान मिळतं.

आता उपयोग. त्या लाटांखालचं पाणी स्वतःच वाहत असेल तर परतलेल्या संकेताचं शिखर ०.३८ वरून थोडं आणखी सरकतं. प्रवाह सेकंदाला १० सेंटिमीटर असेल तर फरक फक्त ०.००९ हर्ट्झ. एवढा फरक ओळखायला निदान दोन मिनिटं सलग ऐकावं लागतं, प्रत्यक्षात आम्ही त्याहून बराच जास्त वेळ ऐकतो. एका रडारला फक्त आपल्याकडे येणारा किंवा दूर जाणारा प्रवाह कळतो, म्हणून रडार जोडीने लावतात. आपल्याकडे चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञान संस्थेने गुजरात, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि अंदमानात अशा जोड्या उभ्या केल्या. माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राकडे जाते. बोट हरवली, तेल सांडलं की ते कुठे वाहत जाईल हे सांगायला ती लागते.

अडचणीही आहेत. जहाजाचं स्वतःचं शिखर मध्येच उभं राहतं. रात्री आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, दूरदूरची रेडिओ केंद्रं आत घुसतात आणि पल्ला घटतो.

दर्याकिनारी

खारावारादादा, आमच्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं नाव या यादीत नाही हे खटकलं. असो. माझा प्रश्न पाणकळा यांना. आमच्या गावात दर पावसाळ्यात किनारा धुपतो. धूपप्रतिबंधक बंधारा घातला, मोठमोठे दगड टाकले, आता कोळ्यांना होड्या ओढायला जागा नाही. दगडांच्या भिंतीऐवजी पाण्याखाली असे वरंबे बांधले तर? लाट परत जाईल, किनारा मोकळा राहील.

पाणकळा

तुमची तळमळ समजते, म्हणून आशा वाटेल असं घाईने लिहिणार नाही.

आधी आकडे. १० सेकंदांची लाट ५ मीटर पाण्यात साधारण ७० मीटर लांब असते. म्हणजे वरंबे ३५ मीटरवर, १० वरंब्यांना ३५० मीटर रुंद पट्टा. ते जमेलही. पण वरंबे निवड करतात. नेमक्या लांबीच्या लाटा परततात, आसपासच्या पार जातात. वरंबे वाढवले तर परतवणं जोरदार होतं, पण निवड आणखी अरुंद होते. पावसाळी समुद्रात अनेक लांबीच्या लाटा एकत्र येतात, भरतीओहोटीला खोली बदलते आणि खोलीबरोबर तरंगलांबीही.

याहून मोठी काळजी दुसरी आहे. किनारा स्वतःही थोडी लाट परतवतो. ती समुद्राकडे निघाली की मागून वरंबे तिला पुन्हा किनाऱ्याकडे ढकलतात. वरंबे आणि किनारा यांच्यामधलं अंतर वाईट जुळलं तर लाट मध्ये कोंडली जाते आणि किनाऱ्याजवळचं पाणी आधीपेक्षा जास्त उसळतं. एमआयटीचे चियांग मेई यांनी हा विषय अनेक वर्षं हाताळला. २००० साली यू आणि मेई यांनी गणिताने दाखवलं की वरंबे किनाऱ्याला आसरा देतीलच असं नाही, उलटही घडू शकतं. एका गावासाठी, तिथला तळ मोजून, फ्लूममध्ये प्रतिकृती चालवून मगच काही म्हणता येईल. त्याआधी कुणी कंत्राटदार नकाशा घेऊन आला तर ग्रामसभेत हा प्रश्न जरूर विचारा: किनाऱ्यावरून परतणाऱ्या लाटेचा हिशोब केलाय का?

फ्योर्डकाठी

नॉर्वेतल्या स्ताव्हांगरहून. मेईंचं नाव वाचून लॉग-इन केलं. इथे उत्तर समुद्रात इकोफिस्क म्हणून तेलक्षेत्र आहे. तेल उपसल्यावर खालचा खडूचा दगड दबत गेला, समुद्रतळ खचला आणि तेल काढायच्या फलाटांखालून (प्लॅटफॉर्म) लाटांना मिळणारी मोकळी जागा कमी होत गेली. १९८४ मध्ये हे लक्षात आलं. तेव्हा फलाटांच्या रक्षणासाठी तळावर वरंबे बांधावेत असा विचार पुढे आला, आणि मेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याचं गणित मांडलं. प्रत्यक्षात १९८७ मध्ये फलाट जॅक लावून ६ मीटर उचलले, आणि १९८९ मध्ये मधल्या तेलाच्या टाकीभोवती काँक्रीटची गोल भिंत उभी केली. तिथे पाणी मूळचंच ७० मीटरच्या आसपास खोल. तुम्ही वर म्हणालात तसं, लाटेला तळ जाणवलाच नाही तर वरंबे काय करणार?

प्रयोगवही

एक भर. पाणकळा यांनी पहिल्या पोस्टमध्ये ९ टक्के गुणिले १० म्हणजे ९० का होत नाहीत, ७० का, हे सांगितलं नाही. सुरुवातीच्या वरंब्यांनी लाट आधीच फिरवलेली असते, नंतरच्यांच्या वाट्याला कमी येते. स्फटिकात हे १९१४ मध्ये सी. जी. डार्विन यांनी मांडलं, चार्ल्स डार्विन यांचे नातू. निर्दोष स्फटिकात वरचे काही हजार थरच सगळं काम उरकतात, खालच्यांपर्यंत किरण पोचतच नाही.

निळी_शाई

पाणी स्वतःच जाळी झाल्याचं उदाहरण राहिलं. पाण्यात १० मेगाहर्ट्झचा ध्वनी सोडला तर ०.१५ मिलिमीटर अंतराने दाट-विरळ पट्टे तयार होतात आणि त्यातून जाणारा प्रकाश अनेक रेषांत फुटतो. प्रयोग १९३२ चा, डिबाय आणि सीअर्स यांचा. रेषांची तीव्रता समजावणारं गणित बंगळूरला १९३५ पासून रामन आणि नागेंद्र नाथ यांनी दिलं.

चाफेकळी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. फ्लूम कुठून आणू? मुलांना दाखवता येईल असं काही आहे का?

पाणकळा

आहे, ताई. छपराचा पन्हळी पत्रा! दोन पन्हळींमधलं अंतर साधारण साडेसात सेंटिमीटर असतं, म्हणजे १५ सेंटिमीटरची लाट हवी. गुरांना पाणी पाजायचा लांबट सिमेंटचा हौद चालेल. पत्र्याची पट्टी अशी कापा की पन्हळी हौदाला आडव्या येतील, पत्र्याच्या रुंदीत दहाएक मिळतात. कडा फार धारदार असतात, चिकटपट्टी लावा. पन्हळीच्या मध्यापासून वर ३ सेंटिमीटर पाणी ठेवा. पलीकडच्या टोकाला नारळाच्या काथ्याचा ढीग टाका, नाहीतर तिथून लाट परत येऊन सगळं गढूळ करेल. अलीकडच्या टोकाला लाकडी फळी हाताने हलवायची, सेकंदाला ३ वेळा. मोबाइलवर मेट्रोनोम (ठेका देणारं ॲप) मिनिटाला १८० वर लावा. पत्र्यापलीकडे एक बूच तरंगत ठेवा. आधी १२० वर करा, मग १८० वर.

चाफेकळी

शनिवारी केलं. हौद शेजारच्या गोठ्यातला, पत्रा सरपंचांच्या पडवीतला उरलेला. १२० वर बूच चांगलं डुलत होतं. १८० वर पहिल्यांदा काही जाणवलं नाही, कारण पाणी जास्त होतं. तीन तांबे उपसले आणि परत केलं. फळीजवळ पाणी उसळत होतं आणि बूच जवळजवळ थांबलं. वर्ग एकदम गप्प झाला. मग आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, अजून जोरात हलवलं तर?" मेट्रोनोम २४० वर नेला, दोन मुलांनी मिळून फळी धरली, आणि बूच परत हलायला लागलं.